नाशिकच्या ऑटोनॉमस इंजिनिअरिंग कॉलेजांना खुलं पत्र : सिलॅबस नंतर बघू, आधी पेपर बदला

प्रति,
नाशिकमधल्या ऑटोनॉमस झालेल्या आणि होऊ घातलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे बोर्ड ऑफ स्टडीजचे चेअरमन, मेंबर, एचओडी, डीन अकॅडमिक्स, आणि खरंतर रोज वर्गात उभे राहणारे सगळे सर आणि मॅडम,

स.न.वि.वि.

मी शिक्षक नाही हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाचताना "याला काय कळतं" असं वाटलं तर ते बरोबरच आहे. अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, फिक्स्चर (मशिनवर पार्ट पकडायचं साधन) आणि गेज (पार्ट तपासायचं साधन) बनवतो, थोडं जॉबवर्क. यूजीसीच्या नियमाप्रमाणे ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेजच्या बोर्ड ऑफ स्टडीजवर, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर, एक इंडस्ट्रीचा माणूस लागतो, त्या खुर्चीत मला बसवतात. बुके मिळतो, फोटो निघतो, चहा-बिस्किटं येतात आणि शेवटची दहा मिनिटं राहिली की चेअरमन सर प्रेमाने विचारतात, "सर, इंडस्ट्रीची काय अपेक्षा आहे?" त्या दहा मिनिटांत जे बोलता येत नाही ते इथे लिहितोय, लांबलं तर समजून घ्या.

मीटिंग कशी होते ते तुम्हाला माहितीये, पण मुलांच्या पालकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. स्क्रीनवर दोन कॉलम असतात, डावीकडे जुना सिलॅबस, उजवीकडे नवा, खाली किती टक्के बदल झाला तो आकडा. चर्चा होते ती कुठलं युनिट कुठल्या सेमला टाकायचं, इलेक्टिव्हमध्ये अजून काय घालायचं यावर. मग माझ्याकडे बघतात आणि मी एआय, इंडस्ट्री ४.०, ईव्ही यातलं काहीतरी बोलेन अशी अपेक्षा असते, मी नाही बोललो तर माजी विद्यार्थी म्हणून बोलावलेला पुण्यातला आयटीवाला बोलतो, ते मिनिट्समध्ये जातं आणि पुढच्या वर्षी "इंट्रोडक्शन टू" असं नाव लावून एक नवीन विषय उभा राहतो. तो शिकवायला माणूस आहे का, नसला तर कोण शिकवणार, हे कोणी विचारत नाही. एका कॉलेजात तर थर्मलवाल्या मॅडमच्या गळ्यात मशीन लर्निंग पडलं, बिचाऱ्या रात्री यूट्यूब बघून सकाळी शिकवायच्या.

या सगळ्यात एक कागद टेबलावर कधीच येत नाही. मागच्या सेमची प्रश्नपत्रिका.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. मुलं सिलॅबस शिकत नाहीत, पेपर शिकतात. तुम्ही आणि मीही तसेच शिकलोय, मागच्या पाच वर्षांचे पेपर आणि लोकल पब्लिकेशनचं पुस्तक घेऊन, मूळ पुस्तकं लायब्ररीत होती तिथेच राहिली. मग उजव्या कॉलममध्ये कितीही भारी लिहा, पेपरात "एक्सप्लेन विथ नीट स्केच" आणि "राइट शॉर्ट नोट ऑन एनी टू" येत असेल तर तोच तुमचा खरा सिलॅबस. बाकीचं एनबीएच्या (कोर्सला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) फाईलला लावायला.

आपण सगळे पुणे विद्यापीठाच्या पॅटर्नमधून आलोय. २००८ चा पॅटर्न, २०१२ चा, २०१५ चा, २०१९ चा, आता एनईपीचा (नव्या शिक्षण धोरणाचा) २०२४ चा. दर वेळी नाव बदललं, मार्कांची वाटणी बदलली, ऑनलाइन परीक्षा आली आणि गेली. २०१९ च्या पॅटर्नचंच बघा, पहिल्या दोन युनिटवर ३० मार्कांची इन्सेम आणि उरलेल्या चारवर ७० मार्कांची एन्डसेम. दिसायला सोयीचं आहे, पोरांवरचा लोड कमी होतो. पण मुलगा काय करतो? इन्सेम झाली की ती दोन युनिट कायमची बंद करतो, आणि बहुतेक विषयांत पाया त्याच दोन युनिटमध्ये असतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये स्ट्रेस-स्ट्रेन विसरून पुढचं बेंडिंग कसं कळणार? पण पेपर सांगतो की विसरलं तरी चालतं, म्हणून तो विसरतो, त्याची काही चूक नाही.

विद्यापीठाचं एक समजू शकतो. पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा तीन जिल्ह्यांतल्या सगळ्या कॉलेजांना एकच पेपर, तपासणारे वेगवेगळे, रिव्हॅल्युएशनची भीती, तिथे सरळ पाठांतराचाच पेपर निघणार कारण तोच सारखा तपासता येतो. पण तुमचं तसं राहिलेलं नाही ना आता! ऑटोनॉमस म्हणजे डिग्रीवर नाव विद्यापीठाचं, पण पेपर तुमचा, तपासणार तुम्ही, मुलं तुमची, ज्यांची तोंडं तुम्हाला ओळखीची आहेत. एवढं स्वातंत्र्य हातात आलं आणि आपण काय केलं तर जुन्याच पेपरवर कॉलेजचा लोगो छापला. आमच्याकडे येणाऱ्या रेझ्युमेंवर नऊच्या वरचा सीजीपीए आता नवलाचा राहिलेला नाही, आणि एमआयडीसीत लोक त्याबद्दल काय बोलतात ते मी मीटिंगमध्ये सांगत नाही, चहा गोड लागावा म्हणून.

आता जरा जवळून दाखवतो, नाहीतर म्हणाल नुसतं भाषण देतोय.

आमच्याकडे फायनल इयरचा एक मुलगा इंटर्नशिपला होता, मेकॅनिकलचा, हुशार, वागायला चांगला, सॉफ्टवेअरवर हात असा की बघत राहावं. त्याला एका ड्रिलिंग फिक्स्चरची बेसप्लेट काढायला दिली. थ्रीडी मॉडेल अफलातून, रेंडर तर ब्रोशरला लावण्यासारखं. ड्रॉइंग प्रिंट काढून शॉपवर आलं आणि आमचा व्हीएमसीवाला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनवरचा), जो आयटीआय करून आलाय आणि वीस वर्षं मशिनवर आहे, तो ड्रॉइंगकडे बघून हसायला लागला. प्रत्येक साईझला टॉलरन्स (चालणारा फरक) ±०.०१ मिमी. प्लेटची बाहेरची लांबी १८० मिमी, तीही ±०.०१. "काय भो, ही बाजू कुठे बसते?" कुठेच बसत नाही, हवेत आहे. तिला ±०.५ दिलं असतं तरी काही बिघडत नव्हतं, जनरल टॉलरन्सच्या आयएसओ २७६८ च्या मीडियम ग्रेडमध्येही तेवढंच आहे. पण डॉवेलचं (पार्ट जागेवर बसवणाऱ्या पिनचं) १० मिमीचं होल, जिथे खरंच काळजी घ्यायची, जिथे एच७ म्हणजे शून्य ते अधिक १५ मायक्रॉन पाहिजे, तिथेही तेच ±०.०१, म्हणजे होल मायनसमध्ये गेलं तरी ड्रॉइंगप्रमाणे पास आणि डॉवेल काही आत जाणार नाही. आणि एम८ चं ब्लाइंड (आरपार नसलेलं) होल, ड्रिल ६.८ चं बरोबर घेतलेलं, पण थ्रेड पार तळापर्यंत. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) पुढे चॅम्फर म्हणजे उतार असतो, तो तळाला टेकला की शेवटचे दोन-तीन थ्रेड पूर्ण पडत नाहीत, शिवाय खाली चिप साठते, टॅप तुटतो. हे टॅप हातात धरून एकदा बघितलं असतं तर कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याला मेट्रॉलॉजीत (मोजमापाच्या विषयात) किती मार्क होते माहितीये? नव्वदच्या वर. होल बेसिस सिस्टिम का वापरतात, विचारलं की धडाधड सांगायचा, सहा मुद्दे, अंडरलाइनसकट. त्याला फिटच्या (होलमध्ये पिन किती घट्ट बसते त्याच्या) तीन प्रकारांच्या आकृत्या येत होत्या. फक्त "या होलला कुठला फिट देशील आणि का, आणि चुकीचा दिला तर किती पैसे जास्त जातील" हा प्रश्न चार वर्षांत कोणी विचारलाच नव्हता. पंधरा दिवसांत तो तयार झाला, आता चांगल्या कंपनीत आहे. म्हणजे पोरगा कच्चा नव्हता आणि सिलॅबसही कच्चा नव्हता, लिमिट्स, फिट्स अँड टॉलरन्सेस हे युनिट कित्येक वर्षांपासून आहे सिलॅबसमध्ये! त्यात काही "ॲड" करायची गरज नाही.

म्हणून मी मीटिंगमध्ये इंडस्ट्रीवाला असूनही उलटं बोलतो आणि लोक चमकतात. जुने विषय काढू नका. नकल जॉइंट (दोन रॉड पिनने जोडायचा सांधा) घ्या. सगळे म्हणतात जुनाट झालं, कोण बनवतं आता नकल जॉइंट. पण तो एवढासा जोड किती प्रकारे तुटू शकतो हे मुलाने स्वतः शोधून काढायचं म्हटलं तर सोन्यासारखा टॉपिक आहे, पिन कातरली जाईल, डोळा फाटेल, फोर्क उघडेल, रॉड ताणून तुटेल, यातलं आधी काय होईल? प्रत्यक्षात पेपरात काय येतं, "डिझाइन अ नकल जॉइंट टू ट्रान्समिट अ‍ॅक्सिअल लोड ऑफ ५० किलोन्यूटन", पुढच्या वर्षी ६०. मुलाला पायऱ्या पाठ, आकडा टाकला की उत्तर. आणि गंमत म्हणजे त्या प्रश्नासमोर ब्लूम्स लेव्हलचा, म्हणजे प्रश्न किती खोल विचार मागतो त्याचा, जो कॉलम असतो ना, त्यात लिहिलेलं असतं एल-६, क्रिएट. कारण प्रश्नात "डिझाइन" हे क्रियापद आहे! ब्लूमसाहेबांनी १९५६ साली एवढी डोकेफोड केली आणि आपण त्याची क्रियापदांची यादी करून ठेवली.

मी काय मागतोय ते एका प्रश्नानेच सांगतो, म्हणजे वाद नको. मेट्रॉलॉजीचा पेपर आहे समजा. प्रश्न असा: "ॲल्युमिनियमचा पार्ट, साईझ १०० मिमी, टॉलरन्स ±०.०१. मे महिना, दुपारचे तीन, अंबडमधलं पत्र्याचं शेड, शॉपचं तापमान ४० डिग्री. तिथेच ठेवलेल्या स्टीलच्या मास्टरवर झीरो केलेल्या मायक्रोमीटरने पार्ट मोजला, रीडिंग १००.०१५ आलं. इन्स्पेक्टरने रिजेक्ट केला. तुमचं मत काय?"

पुस्तक उघडं ठेवा, मोबाईलवर कोइफिशिअंट शोधू द्या. मोजमाप २० डिग्रीला धरतात हे ज्याला माहितीये, स्टील डिग्रीला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं आणि ॲल्युमिनियम तेवीस, हे जो शोधेल, तो हिशोब करेल की २० डिग्रीच्या फरकात १०० मिमीला ॲल्युमिनियमचा पार्ट स्टीलच्या मास्टरपेक्षा २३ मायक्रॉन जास्त वाढलाय, म्हणजे २० डिग्रीला तो पार्ट साधारण ९९.९९२ आहे, टॉलरन्सच्या आत. चांगला पार्ट भंगारात टाकत होतो. आणि डिसेंबरच्या सकाळी असाच एखादा जरा मोठा झालेला पार्ट उलटा फसवेल, थंडीत आत वाटेल आणि २० डिग्रीला बाहेर असेल. ज्याने "पार्ट अर्धा तास एसी रूममध्ये ठेवून परत मोजा" एवढं जरी लिहिलं त्याला मी अर्धे मार्क देईन, कारण त्याला नेमकं काय होतंय ते कळलंय. ज्याने पार्टचीच टॉलरन्स अशी का दिली असं विचारलं त्याला पूर्ण. यात सिलॅबसबाहेरचं काय आहे? थर्मल एक्स्पान्शन अकरावीत होतं.

हा एक प्रश्न पेपरात आला ना, की पुढच्या वर्षीची बॅच लेक्चरला विचारायला लागेल. तुम्हाला वेगळं इनोव्हेटिव्ह टीचिंग वगैरे करावं लागणार नाही.

तुमच्या एफडीपीमध्ये (शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये) हे सगळं सांगितलेलं असतंच म्हणा. बिग्ज म्हणून ऑस्ट्रेलियातले एक शिक्षणतज्ज्ञ, त्यांनी १९९६ मध्ये कन्स्ट्रक्टिव्ह अलाइनमेंट मांडलं, काय यायला पाहिजे ते आधी ठरवा, मग परीक्षा त्याचीच घ्या आणि शिकवायचंही तेच, तीनही एका रेषेत. एनबीएचं आउटकम बेस्ड एज्युकेशनही मुळात त्याच विचाराचं आहे, २०१४ च्या जूनमध्ये आपण वॉशिंग्टन अकॉर्डचे पर्मनंट मेंबर झालो तेव्हापासून सगळी कॉलेजं सीओ-पीओ (विषयाचे आउटकम डिग्रीच्या आउटकमशी जुळवणं) करतायत. मूळ विचाराला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. पण झालंय असं की मॅपिंगमध्ये २ टाकायचे की ३ यावर दोन-दोन तास चर्चा, एक्सेलची फाईल, अटेनमेंट २.४ आलं की सगळे खुश. अहो पण ते अटेनमेंट मार्कांवरून काढलं, मार्क पेपरवरून आले आणि पेपर पाठांतराचा होता, मग २.४ काय आहे? पाठांतराचं अटेनमेंट आहे ते. ज्या प्रोग्रॅम आउटकममध्ये "कॉम्प्लेक्स इंजिनिअरिंग प्रॉब्लेम" लिहिलंय, त्या कॉम्प्लेक्स प्रॉब्लेमचं उत्तर एकच आणि तेही मार्किंग स्कीममध्ये आधीच छापलेलं, असं कसं चालेल?

प्रॅक्टिकलबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तुम्हालाही लाज वाटते आणि आम्हालाही वाटायची. टेन्साइल टेस्ट. यूटीएम (रॉड ताणून तोडायचं मशिन) लॅब असिस्टंट चालवतो, वीस पोरं गोल उभी, चार जणांना डायल दिसतो, एक जण रीडिंग लिहितो आणि संध्याकाळपर्यंत तेच रीडिंग सगळ्यांच्या फाईलमध्ये. प्रिकॉशन्स सीनिअरच्या जर्नलमधून. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलला रात्रभर जे चालतं त्याला आपण टर्मवर्क म्हणतो. काय करायचं याचं उत्तर स्वस्त आहे, चार रॉड द्या, एक एमएस (साधं स्टील), एक ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील), एक हार्ड केलेला, एक ॲल्युमिनियमचा पण रंग मारलेला, कुठल्यावरच लेबल नाही. कुठला कुठला ते ओळखा, आणि किती खात्रीने सांगताय तेही लिहा. चार जणांचा ग्रुप, प्रत्येक ग्रुपला वेगळा सेट, मग कॉपी कशाची करणार? रॉडचे तुकडे मी देतो, आमच्याकडे ऑफकट पडलेलेच असतात, सातपूर-अंबडमध्ये कुठल्याही शॉपवाल्याला विचारा, कोणी नाही म्हणणार नाही.

आणि प्रोजेक्ट. यावर मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय.

नाशिक जिल्ह्यात दर वर्षी किती ग्रुप "आयओटी बेस्ड स्मार्ट कांदा चाळ" करत असतील देव जाणे. विषय उत्तम आहे, लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यातली निम्मी पोरं घरी चाळ असलेली असतात. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, भाव मिळेपर्यंत चाळीत ठेवायचा, मध्ये पावसाळा येतो, हवा दमट होते, सड लागते, कोंब येतात, वजन घटतं. खरा प्रॉब्लेम, खरे पैसे, घरातलाच माणूस कस्टमर. आणि प्रोजेक्ट काय असतो? आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), डीएचटी-११ सेन्सर, एक छोटा फॅन, थर्माकोलचं मॉडेल, मोबाईलवर आकडा. रिपोर्ट काळ्या कव्हरमध्ये बाइंड करून, सोनेरी अक्षरं.

व्हायवाला एकदा मी एक्स्टर्नल होतो तेव्हा विचारलं की हा सेन्सर किती अचूक आहे. ग्रुप एकमेकांकडे बघायला लागला. डीएचटी-११ च्या डेटाशीटमध्ये लिहिलंय, ह्युमिडिटीला अधिक-उणे ५ टक्के. साध्या चाळीत कांद्याला आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्के असावी असं सांगतात. म्हणजे जो पट्टा सांभाळायचाय तो ५ टक्क्यांचा आणि सेन्सरची चूकच दोन्हीकडे ५ टक्क्यांची, सेन्सर ६७ म्हणाला तर खरं ६२ ही असेल आणि ७२ ही. फॅन चालू करायचा का बंद? आणि आषाढात बाहेरचीच हवा ओलीचिंब असते तेव्हा फॅन लावला तर ओल बाहेर जाईल का आत येईल? सेन्सर चाळीत कुठे लावला, मध्ये का कडेला, ढिगाच्या आत का वर? त्यातला एक मुलगा निफाडचा होता, घरची चाळ. त्याला मी विचारलं वडील काय करतात कांदा सडतोय हे कळायला, तो एकदम मोकळा झाला, म्हणाला सर वडील सकाळी चाळीत शिरले की वासावरूनच सांगतात कुठल्या कप्प्यात लागलंय, मग तेवढाच कप्पा उपसतात. हे रिपोर्टमध्ये होतं का? नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं ना. तो वास म्हणजेच प्रोजेक्ट होता राव, कुठला गॅस निघतो, तो कशाने पकडता येईल, किती आधी कळेल, सहा महिने पुरला असता विषय. गाइडने काय तपासलं होतं, तर प्लॅजिअरिझम किती टक्के, फॉन्ट बारा आहे का, आणि रेफरन्स आयट्रिपलईच्या फॉरमॅटमध्ये आहेत का.

गाइडलाही मी दोष देत नाही. एकेका गाइडकडे चार-पाच ग्रुप, वर नॅकची (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेची) क्रायटेरियाची फाईल, वर एनबीए, वर उन्हाळ्यात काही ठिकाणी तर ॲडमिशनचं टार्गेट, तालुक्या-तालुक्याला पत्रकं वाटत फिरायचं, आणि बऱ्याच जणांची नोकरी ॲडहॉक. त्या माणसाला "क्रिएटिव्ह पेपर काढा" म्हणून सांगणं सोपं आहे हे मला कळतं. म्हणून सगळे पेपर बदला असं मी म्हणतच नाहीये. एका सेमला एक विषय घ्या. त्या एका विषयाला ओपन बुक करा, पाच प्रश्नांऐवजी दोन द्या, आणि त्या विषयातलं एक युनिट सरळ काढून टाका.

हो, काढून टाका. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०१८ च्या मॉडेल करिक्युलममध्ये एकूण क्रेडिट २२० वरून १६० वर आणले, मोकळा वेळ मिळावा म्हणून. आपण काय केलं, क्रेडिट कमी केले आणि युनिट तेवढीच ठेवली, वर व्हॅल्यू ॲडेड कोर्स लावले, शनिवारी ॲप्टिट्यूड. आठवड्याला तीन लेक्चरमध्ये सहा युनिट म्हणजे एका युनिटला सहा-सात तास, त्यात गणपती, गॅदरिंग, इन्सेम. सर पळतात, पोरं पळतात आणि शेवटच्या आठवड्यात "उरलेलं घरी वाचा". एखादं युनिट गेलं तर आभाळ कोसळणार नाही, पण त्या वेळात एक ड्रॉइंग, एक पार्ट आणि एक मायक्रोमीटर वर्गात फिरवता येईल.

सिव्हिलवाल्यांना मी काय सांगणार, माझा प्रांत नाही, पण एवढं दिसतं की दिंडोरी रोडला मेरी (सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, गावाला लागून गंगापूरचं मातीचं धरण आहे, तिकडे बागलाणात मोसम-आरमवर जुन्या फड पद्धतीचे (गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या) बंधारे आहेत. १५ सप्टेंबरला ज्या विश्वेश्वरय्यांच्या फोटोला आपण हार घालतो त्यांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या सायफनचं काम केलं. यातल्या एकावर तरी कधी पेपरात प्रश्न आलाय का? माती-धरणाचं क्रॉस सेक्शन येतं, पुस्तकातलं. कॉम्प्युटरवाल्यांना तर दारातच विषय आहे, २०२७ चा सिंहस्थ. २००३ ला इथे चेंगराचेंगरीत माणसं गेली, २०१५ च्या कुंभात इथल्याच एका शाळकरी पोराने आणि त्याच्या टीमने सेन्सरची मॅट जमिनीवर टाकून येणारी माणसं मोजली, तो प्रयोग बाहेरच्या जगात गाजला. तो मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला नव्हता हे लक्षात घ्या. कदाचित म्हणूनच जमलं, हा आपला माझा खवचटपणा.

आता तुमचे आक्षेप, जे मी मीटिंगनंतर पार्किंगमध्ये ऐकतो.

"मुलं बोंब मारतील, आउट ऑफ सिलॅबस म्हणून." मारतील, पहिल्या वर्षी नक्की मारतील. त्यांना सेमच्या पहिल्या आठवड्यातच असे चार प्रश्न उत्तरांसकट द्या, मग बोंब नाही मारणार.

"रिझल्ट पडेल." पडेल थोडा. पण तुम्ही एका विषयाला करताय आणि अर्धे मार्क विचाराला देताय, तर पाठांतरवाला थोडा खाली येईल आणि मागच्या बाकावरचा गॅरेजवाल्याचा पोरगा थोडा वर येईल. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली पोरं तर उठून दिसतील, ज्यांना तुम्ही मॅथ्सवरून हिणवता.

"तपासणार कसं, एकसारखं मार्किंग होणार नाही." हा आक्षेप खरा आहे आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दोघांनी तपासावं, फरक पडला तर बसून बोलावं, एवढंच सुचतं. आमच्याकडेही दोन इन्स्पेक्टर एकाच पार्टला वेगळं रीडिंग देतात, त्याचा आम्ही अभ्यास करतो, गेज आर अँड आर म्हणतात त्याला, तुमच्याच सिलॅबसमध्ये असेल कुठेतरी.

"इंडस्ट्रीलाच रेडीमेड इंजिनिअर पाहिजे असतो." यावर माझ्या एमआयडीसीच्या मित्रांनाही दोन शब्द. कॉलेज म्हणजे आपलं ट्रेनिंग सेंटर नाही. आपल्या कंपनीत जे सॉफ्टवेअर आहे त्याचं तेच व्हर्जन पोराला आलं पाहिजे ही मागणी करायची, स्वतः सहा महिने ट्रेनिंग द्यायचं नाही, इंटर्नला एक्सेल भरायला बसवायचं, आणि परत म्हणायचं कॉलेजवाले काही शिकवत नाहीत. काही जण तर पोरगा एक दिवस न येता इंटर्नशिपचं सर्टिफिकेट सही करून देतात, ओळखीखातर. त्यांनी बोर्ड ऑफ स्टडीजवर बसून क्वालिटीवर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ द्या.

तर मागणी अशी आहे की पुढच्या मीटिंगला दोन कॉलमची पीपीटी दुसऱ्या नंबरला ठेवा. अजेंड्याच्या पहिल्या नंबरला मागच्या सेमच्या तीन विषयांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या तपासलेल्या काही उत्तरपत्रिका, मुलांची नावं झाकून. बाहेरचे जे मेंबर येतो ना आम्ही, विषयतज्ज्ञ, माजी विद्यार्थी, मी, सगळे ते पेपर एक तास बसून वाचू. ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून जसंच्या तसं उतरवता येतं त्यावर लाल खूण करू. किती खुणा झाल्या तो आकडा मिनिट्समध्ये घ्या, कॉलेजच्या वेबसाइटवर टाकू नका हवं तर. मग सिलॅबसचं बोलू.

आणि ज्या विषयाचे सर किंवा मॅडम एका सेमला प्रयोग करायला तयार असतील त्यांनी मला फोन करावा, एचओडींकडे नंबर आहे. क्यूसीमध्ये नापास झालेल्या पार्टचं एक खोकं आमच्याकडे भरलेलं असतं, प्रत्येकावर काय चुकलं ते मार्करने लिहिलेलं. कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर घासून देतो. शनिवारी शॉप बंद असतो, रविवारी सकाळी मी असतो, केव्हाही या आणि घेऊन जा, वजन बरंच आहे तेवढं गाडी घेऊन या.

आपला,
अंबडमधला एक वर्कशॉपवाला
(आणि तुमच्या बोर्डावरचा इंडस्ट्री मेंबर, हे वाचूनही ठेवलंत तर)